सेकंडहँड बेस गिटार : पास, रीवर्क की रिजेक्ट?

बेस गिटारला सहसा चार तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे त्या ई, ए, डी, जी अशा लावल्या जातात. साध्या गिटारच्या चार जाड तारांचेच हे स्वर, पण प्रत्येक स्वर बरोबर एक सप्तक खाली. ई तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, जी तार ९८ वेळा. इतका खर्ज मिळवायचा तर तार जाड हवी आणि लांबही हवी. म्हणून डोक्याजवळच्या नटपासून खोडावरच्या ब्रिजपर्यंतचे अंतर, ज्याला वादक स्केल म्हणतात, ३४ इंच म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठेवलेले असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ते पंचवीस इंचांच्या आसपास असते. चार तारा मिळून मानेवर, म्हणजे नेकवर, पंचाहत्तर-ऐंशी किलोचा ताण रात्रंदिवस टाकतात, वाद्य वाजत असो वा कपाटामागे उभे असो. जुन्या बेसचे बहुतेक मोठे दुखणे या ताणातून निघते. त्यामुळे घ्यायची की सोडायची, हा निर्णय रंग, चकाकी किंवा डोक्यावरच्या नावाआधी नेकवर ठरतो.

सिअॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात फ्रेट असलेली विजेवरची बेस बनवली होती, पण ती फारशी चालली नाही. लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली, जॅझ बेस १९६० मध्ये, आणि आज बाजारात असलेल्या बहुसंख्य स्वस्त बेस या दोन नमुन्यांच्याच नकला किंवा चुलत भावंडे आहेत. फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी नेक खोडाला सरसाने न चिकटवता स्क्रूंनी आवळली, भाग वेगवेगळे बनवून शेवटी जुळवले. सेकंडहँड घेणाऱ्याला याचा आजही फायदा होतो. ट्यूनर, पॉट, जॅक, ब्रिज, पिकअप हे सगळे भाग सुटे मिळतात आणि बहुतांशी बसतातही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य गोव्याच्या वादकांच्या हातून रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे त्यातले जाणकारांना ठाऊक असलेले नाव. श्रोत्याला मात्र बेस बहुधा तेव्हाच जाणवते, जेव्हा ती थांबते.

अशा बेस जिथे विक्रीला येतात तो पुण्याजवळचा पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण हा पट्टा माणसे येण्या-जाण्यावर उभा आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, मागोमाग आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को आली. १९८२ मध्ये महापालिका झाली. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाल्यावर चाकणची ओळख कांद्याच्या बाजारापुरती राहिली नाही. तळेगावला जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाईकडे गेला. अशा प्रत्येक फेरबदलात कुणीतरी भाड्याची खोली रिकामी करतो. फ्रिज, कॉट, दुचाकी विकली जाते आणि कधी कोपऱ्यातली गिटारही. केरळ, तमिळनाडू, ईशान्य भारत, छोटा नागपूर इथून आलेल्यांपैकी अनेक जण चर्चमध्ये वाजवत मोठे झालेले असतात. इंजिनिअरिंगची मुले पहिल्या वर्षी बँड काढतात, शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती देतात. त्यामुळे इथे विक्रीला येणारी बेस वाजवून झिजलेली असण्यापेक्षा न वाजवता पडून राहिलेली असण्याचा संभव अधिक. ही गोष्ट वरवर चांगली वाटते, पण ती तशी नेहमी नसते. तारा पूर्ण ताणून दोन-तीन पावसाळे भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार ही रोज वाजणाऱ्या गिटारपेक्षा वाईट अवस्थेत सापडू शकते.

घेणाऱ्याला ती कशासाठी हवी, हे आधी ठरायला हवे, कारण त्यावर कुठला दोष चालेल आणि कुठला नाही हे अवलंबून आहे. गणेशोत्सव, शिवजयंती किंवा कंपनीचा फॅमिली डे अशा कार्यक्रमांत हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांनी बेसवादक ठेवणे कधीच सोडले. कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम उरकतो आणि एक मानधन वाचते. तिथे शिरकाव हवा असेल तर वाद्य भरवशाचे हवे, कारण रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाच्या किंवा भोसरीच्या लांडगे नाट्यगृहाच्या रंगमंचावर जॅक खरखरला तर पुढचे बोलावणे येत नाही. चर्चमधल्या गायनात आणि आजच्या चित्रपटगीतांत पाचव्या, ३०.९ कंपनांच्या बी तारेचा उपयोग होतो. स्वस्त पाच तारांच्या बेसवर मात्र ही बी तार बहुधा सैल आणि गढूळ वाजते, म्हणून कमी पैशांत चार तारांची चांगली घेणे शहाणपणाचे. रॉकस्कूल किंवा ट्रिनिटीच्या सुरुवातीच्या संगीत परीक्षांनाही चार तारा पुरतात. हात लहान असेल किंवा घेणारा बारा-तेरा वर्षांचा असेल तर ३० इंची स्केलची बेस शोधावी. ती सेकंडहँडमध्ये क्वचित येते, आली तर लवकर जाते.

पाहायला जाण्याची वेळ हीदेखील किरकोळ बाब नाही. या पट्ट्यात बऱ्याच उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा शिफ्टमध्ये काम करणाऱ्या विक्रेता आणि ग्राहक दोघांना सोयीचा वार तोच. पण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बहुधा गुरुवारच. अॅम्प्लिफायरशिवाय केलेली पाहणी अर्धीच असते, म्हणून वीज आहे ना हे फोनवर विचारून निघावे. दिवसा, उजेडात, विक्रेत्याच्या घरी पाहिलेले बरे. वाद्य कसे ठेवले जाते हे घर सांगते.

तपासणीची साधने या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत : स्टीलची पट्टी, फिलर गेज, व्हर्निअर, मल्टिमीटर, अॅलन कीचा संच, आणि मोबाइलवर ट्यूनर. कारखान्यात आलेला माल तपासायला, म्हणजे इनवर्ड इन्स्पेक्शनला, उभा राहणारा माणूस जे करतो तेच इथे करायचे आहे, म्हणजे प्रत्येक दोष पास, रीवर्क किंवा रिजेक्ट यांपैकी एका खान्यात टाकायचा. विक्रेते आणि नवखे ग्राहक दोघेही रीवर्कच्या दोषांवर वेळ घालवतात, ओरखडे मोजतात, आणि रिजेक्टचा दोष नजरेतून सुटतो.

पहिले काम, बेस ट्यून करणे. सैल तारांवर नेकची कुठलीही परीक्षा खोटी ठरते. मग ब्रिजच्या टोकाकडून डोळा लावून नेकच्या दोन्ही कडांवरून पाहावे. नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर दिसली पाहिजे. एक रेघ दुसरीच्या तुलनेत कलती दिसली तर नेक पिळलेली आहे. स्वस्त बेसमध्ये हा रिजेक्ट, पुढे काही पाहायची गरज नाही. नवीन नेक बसवता येते हे खरे, पण तिची किंमत त्या बेसच्या किमतीच्या जवळ जाते.

पीळ नसेल तर बाक पाहावा. ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक खोडाला जुळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबली की ती ताणलेली तार स्वतःच सरळ पट्टी बनते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फट दिसते, तिला रिलीफ म्हणतात. ती ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असावी, फिलर गेजचे पान सरकवून पाहता येते. फट एक मिलिमीटरकडे गेली असेल तर नेक तारांच्या ओढीने पुढे वाकली आहे. फट अजिबात नसेल तर ती मागे गेली आहे. यातले काहीही आपोआप वाईट नाही, कारण यासाठीच नेकमध्ये ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. तिचा नट घड्याळाच्या दिशेने आवळला की पुढचा बाक कमी होतो. खरा प्रश्न असा की त्या सळईत अजून काही शिल्लक आहे का. विक्रेत्याच्या परवानगीने, नटला नीट बसणारी की घालून, पाव फेरा आवळून आणि पाव फेरा सोडून पाहावे. नट सहज फिरून नेक हलली तर पास. नट शेवटपर्यंत आवळलेला आणि तरी नेक वाकलेली, किंवा षट्कोनाच्या कडा झिजून की गरगर फिरते, तर रिजेक्ट. विक्रेता ट्रस रॉडला हातच लावू देत नसेल तर त्याची भीती रास्त असू शकते, पण मग किंमत त्या अज्ञानासकट ठरवावी. पुण्यात गिटार दुरुस्त करणारे कारागीर आहेत. ते पीळ आणि मेलेली सळई यांवर सहसा एकच सल्ला देतात, दुसरी बघा.

नेक आणि खोड जिथे जुळतात तिथे आणखी एक दोष सापडतो. शेवटचे चार-पाच फ्रेट वर उचललेले असतात आणि वरच्या स्वरांना तार घासते. स्टीलची पट्टी कडेवर उभी ठेवली की हा उंचवटा कळतो. किरकोळ असेल तर ते फ्रेट घासून काम भागते. खोडाच्या खाचेत रंगाला गेलेला केसाएवढा तडा बहुधा रंगापुरता असतो, लाकडात उतरलेला तडा मात्र स्क्रूंची पकड ढिली करतो.

ऋतूचा हिशेब इथे धरावाच लागतो. पुणे परिसरात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या पुढे असते. मेपलची नेक या फरकाने हलते. मेमध्ये पाहिलेल्या बेसच्या फ्रेटबोर्डचे लाकूड आकसून फ्रेटची टोके कडेला बोचतात. हात फिरवला की लगेच कळते. ती टोके अर्ध्या तासात घासून निघतात, त्यासाठी वाद्य नाकारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात मात्र बोचरी टोके दिसली तर लाकूड नीट न वाळवताच नेक बनवली होती असा तर्क करता येतो. पावसाळ्यात तारा उंच गेलेल्या सापडल्या तर दोष हवेचा की नेकचा, याचा निकाल ट्रस रॉड देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाद्य आपल्या मधल्या अवस्थेत असते. पाहणीला हाच काळ बरा, शिवाय बोनसही याच वेळी येतो आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते.

नेक पास झाली की बाकीचे वेगाने उरकते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते तीन मिलिमीटर असावी. ब्रिजवरच्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजून धरले नाहीत ना, हे पाहावे. वीस फ्रेटच्या बेसवर चार मोकळे स्वर धरून एकूण ८४ जागा होतात, त्या सगळ्या एकेक करून वाजवाव्यात. पाच मिनिटे लागतात आणि ती कुणी देत नाही. एखाद्याच फ्रेटवर खडखड असेल तर बहुधा त्याच्या पुढचा, ब्रिजकडचा फ्रेट उचललेला आहे. तारांखाली पहिल्या पाच फ्रेटवर खोल चरे असतील तर वाद्य खूप वाजले आहे. चरे उथळ असतील तर सगळे फ्रेट समतल करून भागते, खोल असतील तर नवे फ्रेट घालणे स्वस्त बेसला परवडत नाही. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बेसमध्ये, नव्या आणि महागड्या असल्या तरी, हे आढळते. तो दोष दाखवून पैसे कमी करून घेणारे चतुर असतात, पण ते प्रामाणिक नसतात.

बारावा फ्रेट दाबून येणारा स्वर आणि तिथेच हलके बोट ठेवून येणारा हार्मोनिक ट्यूनरवर एकच दिसायला हवा. नसेल तर सॅडल मागे-पुढे करून जुळतो. सॅडल सरकवायला जागाच उरली नसेल तर ब्रिज चुकीच्या ठिकाणी बसवलेला असण्याची शक्यता आहे, आणि ते गंभीर आहे. अर्थात काळ्या पडलेल्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांवर ही परीक्षा नीट होत नाही.

आता वीज. बहुतेक स्वस्त बेस पॅसिव्ह असतात, त्यांना बॅटरी लागत नाही. केबल लावून, आवाज पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकावर मल्टिमीटरने रोध मोजला की पिकअपची नाडी कळते. प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपला साधारण दहा-अकरा किलोओहम, जॅझ पद्धतीच्या एका पिकअपला सात-आठ. जॅझची दोन्ही पिकअप एकदम उघडली तर आकडा जवळजवळ निम्मा दिसतो, त्याने घाबरू नये. आकडा यापेक्षा खूपच मोठा किंवा अनंत आला तर गुंडाळीची तार किंवा वायरिंग कुठेतरी तुटले आहे. पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुधा पुरतो. जॅक ढिला असेल तर पाच-पन्नास रुपयांचे काम. हे सगळे रीवर्क. अॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खुपसलेली राहिली की ती सतत खर्च होते. पडून राहिलेल्या अशा बेसचे बॅटरीचे झाकण हटकून उघडावे. आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरीतून गळलेले रसायन सर्किटपर्यंत पोचले आहे का, ते पाहावे लागते.

गुणगुण या विषयावर अनेक चांगल्या बेस विनाकारण नाकारल्या गेल्या आहेत. एकेरी गुंडाळीच्या पिकअपला घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण येणारच. तारांना हात लावताच ती कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ग्राउंडची तार निघालेली असू शकते. भाड्याच्या खोल्यांत सॉकेटला अर्थिंग नसणे ही सर्रास गोष्ट, तेव्हा दोष भिंतीत आहे की गिटारमध्ये, हे बॅटरीवर चालणाऱ्या हेडफोन अॅम्पने लगेच वेगळे करता येते. बेसवाल्यांसाठी यात एक खास त्रास आहे. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ४९ हर्ट्झचा, म्हणजे विजेच्या गुणगुणीला जवळजवळ चिकटून. गाणे जी मध्ये असेल तर गुणगुण सुराला लागून राहते, नसेल तर ती वेगळी खटकते.

नावांबाबत थोडक्यात. या किमतीत कॉर्ट, यामाहा, आयबनेझ आणि स्क्वायर यांच्या इंडोनेशिया किंवा चीनमध्ये बनलेल्या बेस जास्त भेटतात, त्याखाली गिवसनसारखी कोलकात्याची नावे. पहिल्या गटात यंत्रावर कोरलेल्या खाचा घट्ट असतात आणि दोन नगांत फारसा फरक नसतो. दुसऱ्या गटात एखादा नग चांगला लागून जातो, पण त्यासाठी बरेच नग पाहावे लागतात. डोक्यावर फेंडर लिहिले आणि किंमत स्क्वायरची, तर अक्षरे नंतर चिकटवलेली समजावीत. २०१७ मध्ये रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सीआयटीईएस या कराराचे निर्बंध आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी फ्रेटबोर्डचे लाकूड बदलले, आणि २०१९ मध्ये वाद्यांना सूट मिळाली तरी सगळ्या मागे वळल्या नाहीत. वर्षाचा अंदाज बांधायला हा धागा कधी कधी कामी येतो.

किंमत ठरवताना नव्या बेसचा आजचा भाव समोर ठेवावा, विक्रेत्याने दिलेला नव्हे. समजा तीच नवी बेस १८,००० रुपयांना मिळते आणि विक्रेता ११,००० मागतो. त्यावर नव्या तारा सुमारे दोन हजार, कारागिराकडून सेटअप दीड हजार, म्हणजे हिशेब साडेचौदा हजारांवर गेला. उरलेल्या साडेतीन हजारांसाठी वॉरंटी सोडायची का? अशा स्वस्त वाद्यात मागणी नव्याच्या निम्म्यावर आली तरच सौद्याला अर्थ आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या बेसमध्ये गणित उलटते. तारा आणि सेटअपचा खर्च तेवढाच राहतो, पण घसरण मोठी असते आणि ती पहिल्या मालकाने सोसलेली असते. केस, केबल, छोटा अॅम्प सोबत मिळत असतील तर त्यांची किंमत वेगळी धरावी. नव्याने घ्यायचे तर बेसचा साधा सराव-अॅम्पही स्वस्त मिळत नाही, आणि गिटारच्या अॅम्पवर बेस जोरात वाजवणे म्हणजे त्याचा स्पीकर फाडणे.

खोलीचाही विचार याच हिशेबात येतो. ई तारेच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तो स्वर वादकाला धड ऐकू येत नाही आणि शेजाऱ्याला भिंतीतून पोचतो. रात्रपाळी करून झोपलेला शेजारी असेल तर अॅम्पचे पैसे वाचवून चांगला हेडफोन घेतलेला बरा.

व्यवहारात फसवणुकीचा एक साचा इथे विशेष चालून जाऊ शकतो. जाहिरात देणारा आपण लष्करात असून बदली झाल्याचे सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, माल छावणीतून पार्सलने येईल म्हणतो आणि आगाऊ रक्कम मागतो. देहूरोड, दिघी, दापोडी इथे लष्कर खरोखर आहे, त्यामुळे गोष्ट खरी वाटते. वाद्य हातात घेतल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. उलट बाजूने, विकणाऱ्यालाही पैसे मिळवण्यासाठी कुठलाही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पावतीवर मॉडेल, सिरीयल क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात. मूळ बिल असेल तर तेही घ्यावे, कारण चोरीचे वाद्य निघाले तर कागदच बोलतो.

बेस सव्वा मीटरच्या जवळपास लांब आणि चार किलोंच्या आसपास वजनाची असते. चाकणहून भोसरीकडे दुचाकीवर नेताना ती मागच्याने पाठीवर उभी घ्यावी, डोके हेल्मेटच्या वर राहते आणि झाडाच्या फांद्या किंवा पार्किंगचे छत तिथेच लागते. घरी आणल्यावर नव्या तारा एकेक करून बदलाव्यात, चारही एकदम काढू नयेत. दोन-तीन दिवस ती नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या ताणात राहू द्यावी आणि मग रिलीफ, तारांची उंची आणि सॅडल या क्रमाने जुळवावे. पहिल्या पावसानंतर रिलीफ पुन्हा मोजावी लागते.